विषय क्रमांक एकसष्ट

“महापौर महोदय, या युद्धाला माझा तीव्र विरोध आहे!” असं म्हणून सभागृह नेते नाना शेवकर यांनी टेबलावर मूठ आपटली. टेबल माझ्या पुढ्यातलं होतं. माझ्या पेन्सिलीचं टोक मोडलं. मी दुसरी घेतली. सभेच्या दिवशी मी आठ पेन्सिलींना टोकं करून ठेवत असे, कारण नानांचा तीव्र विरोध वरचेवर व्हायचा.

युद्ध दूरच्या दोन देशांत चाललं होतं. त्यांपैकी एकालाही आमच्या महासभेचं मत विचारायची बुद्धी झाली नव्हती. तरी चर्चा दीड तास चालली. एका सदस्याने दोन्ही देशांना सबुरीचा सल्ला दिला. दुसऱ्याने मानवतेवर इतकं सुंदर भाषण केलं, की लिहिता लिहिता माझी एक ओळ सुटली. तिसऱ्याला काळजी अशी, की युद्धामुळे निफाडची द्राक्षं बोटीवरच अडकतील. तेवढंच काय ते जिल्ह्याच्या हद्दीत आलं. मग चहा आणि वडे आले, वड्यांनंतर दोन गटांची बाचाबाची झाली, महापौरांनी घंटी वाजवली आणि उरलेले सगळे विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब केले.

उरलेल्यांत विषय क्रमांक एकसष्ट होता. तो तहकूब व्हायची ही सातवी वेळ.

मी नाशिकच्या पालिकेत लघुलेखिका होते. म्हणजे सभेत जो जे बोलेल ते आम्ही आमच्या खुणांच्या लिपीत झरझर टिपायचं, नंतर टाइप करायचं. त्याचं जे होतं त्याला इतिवृत्त म्हणतात. कोणी काय मांडलं, कोणी पाठिंबा दिला, काय मंजूर झालं, याचा तो पुरावा. पुढच्या सभेत ते ‘कायम’ होतं, म्हणजे सगळे म्हणतात की हो, असंच घडलं होतं. एकदा कायम झालं की ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही. मी सांगते तो काळ मोबाइलवर आलेल्या कॉललाही पैसे पडायचे तेव्हाचा. सभेची विषयपत्रिका आम्ही स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइलवर काढायचो आणि चार दिवस बोटं काळी घेऊन फिरायचो.

विषयपत्रिकेचाही एक क्रम असतो. आधी शोकप्रस्ताव, मग अभिनंदनाचे ठराव, मग मागचं इतिवृत्त, मग देशाचे आणि जगाचे प्रश्न, मग प्रशासनाचे विषय आणि सगळ्यांत शेवटी सभासदांनी मांडलेले. नियमात सगळं असंच लिहिलेलं नव्हतं, पण वहिवाट पक्की होती. विषय एकसष्ट सभासदाचा होता, त्यामुळे तो शेपटाला. मजकूर एवढाच: ‘नदीकाठच्या भाजीबाजारात कोपऱ्यावरील मोकळ्या जागेत स्त्रियांसाठी स्वच्छतागृह बांधणेबाबत.’

हा विषय दिला होता नगरसेविका यमुनाताई थेटे यांनी. स्त्रियांच्या राखीव जागेवरून त्या नव्यानेच निवडून आल्या होत्या. निवडून येईपर्यंत त्याच बाजारात झेंडू आणि गुलाब विकायला बसायच्या. त्या काळी बऱ्याच नगरसेविकांचे यजमान प्रेक्षक सज्जात बसून खाणाखुणा करत. वर बोट केलं की बाई उठायच्या, खाली केलं की बसायच्या. थेटेभाऊ मात्र कधी फिरकले नाहीत. त्यांचं लक्ष मळ्यातल्या गुलाबावरच्या माव्याकडे असायचं, राजकारणातल्या किडींमध्ये त्यांना रस नव्हता.

पहिल्याच सभेत नव्या सदस्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा ताई याच विषयावर उठल्या होत्या. हातातल्या वहीच्या कागदावरून त्यांनी सरळ वाचलं, “बाजारात बायांना मुतारी नाय.” आणि सभागृह हसलं. खालच्या आवाजात नाही, चांगलं खदखदून. मागून कोणी तरी म्हणालं, “ताई, सभागृहाची भाषा सांभाळा.” ताई लाल होऊन खाली बसल्या. मला त्या दिवशी भयंकर राग आला. जी माणसं बॉम्ब, नरसंहार, रक्ताचे पाट असे शब्द चहाच्या घोटाबरोबर गिळायची, त्यांना या एका शब्दाची लाज वाटत होती. पण लघुलेखिकेला राग टिपायची सोय नसते. मी कंसात ‘हशा’ एवढं लिहिलं.

तर ती युद्धाची सभा संपली आणि यमुनाताई आमच्या खोलीत आल्या. मी टाइपरायटरवर कव्हर घालत होते.

“बाई, येऊ का?”

“या ताई. बसा. पाणी देऊ?”

“नको. पाणी प्यायची सवयच मोडलीय.” त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. “तुमाला म्हणून सांगते. आमच्या बाया गिरणाऱ्याहून, मुंगसऱ्याहून पहाटं चारला टोपल्या घेऊन निघत्यात. दुपारी बारा-एक वाजेपोहोत बाजारात. तवर पाण्याचा घोट घेत नाय कोणी. घेतला तर जायचं कुठं? मेथीवाली ठकूबाई हाय ना, तिला मूतखडा झाला. डॉक्टर म्हणतो, पाणी पी. ती म्हणती, डॉक्टर, आधी जागा दाखव.”

 मला एकदम माझंच आठवलं. आमच्या सभागृहाच्या मागे सन्माननीय सदस्यांसाठी स्वच्छतागृह होतं, ते पुरुषांचं. सभागृह बांधलं तेव्हा सदस्यांमध्ये कधी बायका येतील, हे कोणाच्या मनातच आलं नव्हतं. बायकांचं होतं ते पलीकडच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, आणि सभा सोडून मला तिथवर जाता येत नसे. म्हणून सभेच्या दिवशी मी सकाळी नऊनंतर पाणी पीत नव्हते. चौदा वर्षं. आणि त्याच चौदा वर्षांतल्या शेवटच्या सात महिन्यांत मी स्वतःच्या हाताने सात वेळा टाइप केलं होतं, ‘विषय क्र. ६१ – तहकूब.’ एकदाही बोट अडखळलं नव्हतं. मला स्वतःची फार लाज वाटली.

“ताई, तुमचा विषय कधी वर येणारच नाही,” मी सांगून टाकलं. “साठ विषय संपेपर्यंत सभा टिकत नाही.”

“मग तुमच्या त्या वहीत नक्की काय पास होतं?”

“ज्याला कोणी विरोध करत नाही ते.”

“अन् कशाला करत नायत विरोध?”

“शोकाला, अभिनंदनाला आणि जागतिक शांततेला.”

ताईंनी विचार केला. “मग त्या शांततेलाच आपली मुतारी जोडून देऊ.”

मला हसू आवरेना. मग मी त्यांना उपसूचना म्हणजे काय ते समजावलं. मूळ ठराव आला की त्यात एखादी भर घालता येते, तिला उपसूचना म्हणतात. ती मांडणारा एक सूचक लागतो. दुसऱ्या कोणी तरी ‘अनुमोदन’ म्हणावं लागतं, म्हणजे माझाही पाठिंबा आहे. अनुमोदन नसेल तर उपसूचना सभेपुढे आलीच नाही असं धरतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, उपसूचना मूळ ठरावाशी संबंधित पाहिजे. युद्धाला स्वच्छतागृह जोडता येत नाही.

“मग बायांचा विषय कधी येतो मोठ्या ठरावात?”

मी कॅलेंडरकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. मार्च महिन्याची सभा नेमकी महिला दिनाच्या दिवशी होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण पुढे माझ्यावर बरेच आरोप झाले. आम्ही काहीही लपवलं नाही. ताईंनी उपसूचना स्वतःच्या अक्षरात लिहून रीतसर दिली. मी ती टाइप करून नगरसचिव दाणीसाहेबांच्या फाइलला लावली. नगरसचिव म्हणजे सभेचं सगळं कामकाज नियमाने चालवणारा अधिकारी. आमचे दाणीसाहेब फार सज्जन आणि फार भित्रे होते. निवृत्तीला त्यांना दीड वर्ष उरलं होतं आणि ते दिवस ते जपून वापरत होते.

“हे वाचायचं?” त्यांनी कागद दोन बोटांत धरून विचारलं.

“नियमात बसतंय, साहेब.”

“बसतंय हो. पण लोक उभे राहतील ना!”

“साहेब, तुम्ही वाचता तेव्हा आजवर कोणी ऐकलंय का?”

हे त्यांना पटलं. दाणीसाहेबांचं वाचन म्हणजे दुपारचा रेडिओ. चालू असतो, पण कोणाचं लक्ष नसतं.

महिला दिनाच्या सभेत सभागृह फुललं होतं. प्रत्येक नगरसेविकेला गुलाबाचं फूल देण्यात आलं. यमुनाताईंनी आपलं फूल उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, “दोन दिस शिळं हाय.” फोटोग्राफर आले. एका ज्येष्ठ सदस्यांनी ठराव मांडला, की ही महासभा समस्त स्त्रीशक्तीला वंदन करते आणि तिचा सन्मान राखण्यास कटिबद्ध आहे. मग नाना शेवकर बोलायला उठले. माता, भगिनी, कन्या अशा क्रमाने ते तेरा मिनिटं बोलले. बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. खोटं नाही, खरोखर भरून आले. नानांचं तेच तर होतं, मोठ्या विषयात ते मनापासून रडत.

भाषण संपलं आणि दाणीसाहेब उठले. त्याच आवाजात वाचू लागले, “...या ठरावास सन्माननीय सदस्या श्रीमती यमुना थेटे यांची उपसूचना अशी की, सदर सन्मानाची सुरुवात म्हणून विषयपत्रिकेवरील विषय क्रमांक एकसष्टमध्ये नमूद जागी स्त्रियांसाठी स्वच्छतागृह प्राधान्याने बांधण्यात यावे...”

फोटोग्राफर महापौरांना नगरसेविकांच्या मध्ये उभं करत होता. वड्यांचा वास यायला लागला होता. ताईंच्या शेजारच्या बाकावरच्या नगरसेविका अनुमोदन द्यायला उठत होत्या, तसं ठरलंच होतं. पण त्यांचं तोंड उघडायच्या आत समोरून दणदणीत आवाज आला, “अनुमोदन!”

नाना होते ते.

आता यात विशेष काही नव्हतं. नाना प्रत्येक ठरावाला अनुमोदन द्यायचे. ऐकून नव्हे, सवयीने. अनुमोदक म्हणून नाव इतिवृत्तात येतं, कधी पेपरातही येतं, आणि नानांना आपलं नाव छापलेलं फार आवडे. दाणीसाहेब वाचायचे थांबले की नाना अनुमोदन म्हणायचे. एकदा साहेब खोकण्यासाठी थांबले होते तेव्हाही म्हणाले होते.

“मंजूर, मंजूर,” महापौर कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले. सगळ्यांनी बाकं वाजवली. माझी पेन्सिल कागदावर चालली होती.

तिसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. त्याच दुपारी नाना आमच्या खोलीत. मागे कार्यकर्ता नाही, हातात पेपर. नाना एकटे आले की प्रकरण गंभीर असतं, हे आम्हाला ठाऊक होतं.

“कुलथेबाई, हे काय छापून आलंय? मी मुतारीला अनुमोदन दिलं?”

हा शब्द त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकला.

“हो नाना. दिलंत.”

“अहो, त्या कोपऱ्यावर आमच्या वडिलांच्या नावाची स्वागत कमान होणारे! पेंटरकडून चित्र काढून घेतलंय मी! बाजारात शिरताना भव्य कमान, वर वडिलांचं नाव, खाली माझं.”

कमानीचा प्रस्ताव पालिकेत कुठेच नव्हता. तो नानांच्या मनात आणि पेंटरच्या कागदावर होता. पण तसं तोंडावर म्हणून चालण्यासारखं नव्हतं.

“नाना, ठराव झालाय. तीन महिन्यांच्या आत फिरवायचा तर निम्म्याहून जास्त सभासदांच्या सह्या लागतील.”

 स्त्रीशक्तीच्या ठरावाविरुद्ध सह्या गोळा करत हिंडायचं, हे चित्र त्यांनाही दिसलं असावं. मग त्यांनी दुसरी वाट काढली. खुर्ची जवळ ओढली.

“मी म्हणतो, अनुमोदन कोणी दिलंच नाही असं झालं तर?”

“तर उपसूचना आलीच नाही असं धरतात.”

“मग झालं! तेवढं एक वाक्य काढा. टेपवर तर काही नाही ना?”

टेपवर खरोखरच काही नव्हतं. आमच्या सभागृहात टेपरेकॉर्डर होता, पण कॅसेटची बाजू पाऊण तासात संपायची आणि ती उलटवायची आठवण कोणाला राहत नसे. त्या दिवशी तर सगळे फोटोत. म्हणजे पुरावा एकच, माझी वही. मी ती कपाटातून काढून उघडली.

“ही काय वळवळ लिहिलीय?” नाना वाकून बघत म्हणाले.

“हे तुमचं अनुमोदन.”

“एवढंसं?”

“मोठ्याने दिलं होतंत, पण खूण तेवढीच असते.”

“मग हे पान फाडा की. नवं लिहा.”

“फाडते. पण याच्या पाठीवर तुमचं स्त्रीशक्तीवरचं भाषण आहे. तेही जाईल.”

नानांचा हात वहीवरून मागे गेला.  मग हळूच विचारलं, “भाषण बरं झालं होतं ना?”

“उत्तम. ‘माता’ म्हणालात तेव्हा सज्जात एक बाई डोळे पुसत होत्या.”

क्षणभर ते खूश झाले. मग कमान आठवली असावी. उठून उभे राहिले. “बाई, मी सरळ माणूस आहे. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होताना मी उठून सांगणार, की हे चुकीचं आहे. मी बोललोच नव्हतो. सभागृह माझ्या पाठीशी आहे. मग खोटं लिहिलं कोणी, हे तुम्हीच बघा. मलेरिया विभागात डास मोजायला एक माणूस हवाय, असं ऐकतोय मी.”

ते गेले. मी पाणी प्यायले. हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती ती. मलेरिया विभागाला सकाळी सहापासून फिरती असे आणि त्या वर्षी माझ्या मुलीची बारावी होती. शिवाय खोटं इतिवृत्त लिहिल्याचा ठपका म्हणजे आमच्या धंद्यात नाक कापल्यासारखंच. मी घाबरले होते, हे कबूल करते. दाणीसाहेबांना सांगितलं. ते माझ्याहून घाबरले. पण टाइप केलेलं इतिवृत्त समोर ठेवलं तेव्हा त्यांनी अनुमोदकाच्या नावापर्यंत बोट फिरवत वाचलं, चष्मा पुसला आणि सही केली. “ऐकलं तर मीही होतं,” एवढंच म्हणाले. त्या सहीसाठी मी त्यांचे सगळे भित्रेपणाचे किस्से माफ केले.

यमुनाताईंना मी सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या घाबरतील, निदान चिडतील. त्यांनी नुसते प्रश्न विचारले.

“अभिनंदनाच्या ठरावाला आधी कागद द्यावा लागतो का?”

“नाही. महापौरांनी परवानगी दिली की झालं.”

“अन् ते इतिवृत्ताच्या आधी का मागनं?”

“आधी. शोक, अभिनंदन, मग इतिवृत्त.”

“बरं,” ताई म्हणाल्या आणि निघाल्या. दारातून वळून विचारलं, “सज्जात टोपल्या चालत्यात का?”

पुढच्या सभेच्या दिवशी मी साडेदहाला पोचले. जिना चढतानाच मेथीचा वास आला. वर पाहते तर प्रेक्षक सज्जा भरलेला. तीस-पस्तीस बाया, कोणाच्या मांडीवर टोपली, कोणाच्या टोपलीत उरलेला झेंडू. शिपाई हताश होऊन उभा होता. “मॅडम, टोपली नेऊ नये असा नियमच सापडत नाही,” तो म्हणाला. पुढच्या रांगेत बातमीदार बसले होते. त्यांच्यातल्या एकाच्या मांडीवर कोणी तरी कोथिंबिरीची जुडी ठेवली होती.

सभा सुरू झाली. शोकप्रस्तावाला सगळे दोन मिनिटं उभे राहिले. बायाही वर उभ्या राहिल्या. कोणासाठी ते त्यांना माहीत नव्हतं, पण मान खाली घालून शांत उभ्या होत्या. नाना आपल्या जागेवर होते. त्यांच्या हातात टाइप केलेला कागद होता आणि ते तो पुन्हा पुन्हा वाचत होते. 

“अभिनंदनाचे ठराव?” महापौरांनी विचारलं.

यमुनाताई उठल्या. हातात कागद नव्हता.

“महापौर साहेब, मला आपल्या नानांचं अभिनंदन करायचंय.”

नानांनी मान वर केली.

“गेल्या सभेला म्या बाजारातल्या बायांच्या मुतारीची उपसूचना मांडली,” ताई म्हणाल्या. या वेळी तो शब्द आला तरी कोणी हसलं नाही. वर पस्तीस बाया बसल्या असताना हसायची कोणाची छाती? “मला वाटलं होतं, हितं आपलं कोण ऐकणार. पण नाना उठले. सगळ्यांच्या आधी उठले. असं मोठ्यानं अनुमोदन दिलं का नदीपल्याड ऐकू गेलं असंल. लय मोठमोठे विषय बोलत्यात नाना, आमाला वाटायचं का ह्यांना आमी दिसत नसू. पण दिसतो आमी नानांना. मुंगसऱ्याची ठकूबाई वर बसलीय, तिनं हे कळल्यापासून पाणी प्यायला सुरुवात केलीय. मुतारी झाली नाय अजून, नुसत्या भरवशावर पेती. म्हणून ह्या सभेनं नानांचं अभिनंदन करावं.”

सज्जात टाळ्या सुरू झाल्या. प्रेक्षकांना टाळ्या वाजवायला मनाई आहे. महापौरांनी घंटी वाजवली. ठकूबाईला ती घंटी म्हणजे कौतुकाचाच भाग वाटला असावा, तिने आणखी जोरात टाळ्या वाजवल्या आणि वरून ओरडली, “नाना, देव तुमचं भलं करो!”

अभिनंदनाच्या ठरावाला कोणी विरोध करत नाही. आमच्या सभागृहाच्या सगळ्या इतिहासात कोणी केला नव्हता, आणि ज्याचं अभिनंदन त्यानेच करणं तर कल्पनेबाहेरचं. माझी नजर नानांच्या हातावर होती. त्यांनी वर सज्जाकडे पाहिलं. बातमीदारांकडे पाहिलं. हातातल्या कागदाची सावकाश एक घडी घातली, मग दुसरी, मग तो खिशात ठेवला. उठले. घसा साफ केला.

“महापौर महोदय,” नाना म्हणाले, “हे माझं फार दिवसांचं स्वप्न होतं.”

पुढे ते वीस मिनिटं बोलले. त्या भाषणात एकाही परदेशाचं नाव नव्हतं. पहाटेच्या टोपल्या होत्या, थंडी होती, त्यांची स्वतःची आई होती. आईही सटाण्याच्या बाजारात कांदा विकायला बसायची, हे आम्हाला प्रथमच कळलं. आईचं सांगता सांगता नाना मध्येच थांबले. या वेळी माता-भगिनींच्या भाषणातलं रडू नव्हतं. त्यांना पुढचा शब्दच सुचेना. मी पेन्सिल थांबवली आणि त्या माणसाबद्दल मला प्रथमच माया वाटली.

“मागील सभेचे इतिवृत्त कायम?” महापौरांनी विचारलं.

“कायम, कायम,” सगळे म्हणाले. सगळ्यांत मोठा आवाज नानांचा होता.

त्यानंतर नानांनी ते काम स्वतःच्या अंगावर घेतलं. इंजिनिअरला पत्रं पाठवली, रोज सकाळी जागेवर जाऊन उभे राहिले, फरशी कुठली बसवायची यावर कंत्राटदाराशी भांडले. पालिकेचं एवढ्या लवकर झालेलं दुसरं काम मला तरी आठवत नाही. कारण स्वच्छ होतं, आता तिथे नानांचं नाव लागणार होतं. संगमरवरी पाटी लागली ती दारापेक्षा थोडीच लहान.

उद्घाटनाला मंडप होता, फीत होती, माइक होता. नानांचं भाषण रंगात आलं तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. ठकूबाई टोपली शेजारणीकडे देऊन उठली. फितीखालून वाकून आत शिरता शिरता म्हणाली, “चालू द्या नाना तुमचं, मी येते जाऊन.” मंडप हसून हसून कोसळायचा बाकी राहिला. नाना हसले, माइक खाली ठेवला आणि फीत कापून टाकली. त्यांनी अर्ध्यावर सोडलेलं ते एकमेव भाषण.

सभागृहाच्या मागे बायकांची सोय व्हायला पुढे आणखी एक वर्ष गेलं. तोही ठराव यमुनाताईंनीच मांडला आणि या वेळी अनुमोदक कोण होते, हे सांगायला नको. मलेरिया विभागात मी कधी गेले नाही.

निवृत्तीनंतर एकदा त्या बाजारात भाजी घ्यायला गेले होते. नाना भेटले. थकले होते, हातात पिशवी होती. वडिलांच्या नावाची कमान त्यांनी शेवटी दुसऱ्या रस्त्यावर उभी केली होती. आम्ही बोलत उभे होतो, तेवढ्यात एक तरुण भाजीवाली उठली आणि शेजारणीला म्हणाली, “माझ्या वांग्याकडं बघ गं जरा, मी नानांकडं जाऊन येते.” नाना शेजारीच उभे आहेत, हे तिला माहीत नव्हतं. नाना हा कोणी माणूस आहे, हेसुद्धा माहीत नसावं.

मी दुसरीकडे बघितलं. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं असेल.

“बाई, त्या कमानीखालून रोज हजारो माणसं जातात,” नाना म्हणाले. “पण वर मान करून वडिलांचं नाव वाचलेला एकही मला अजून भेटला नाही. इथे बघा, सकाळपासून माझं नाव चालू आहे.”

या सगळ्याचं तात्पर्य काय, असं मला नव्या लघुलेखिका विचारतात. मी त्यांना एवढंच सांगते, की अनुमोदन देणाऱ्याने आधी नीट ऐकून घ्यावं. आणि ऐकलं नसेल तर निदान मोठ्याने द्यावं, लिहून घेणाऱ्याला बरं पडतं.